'मी पोटात कावळे ओरडलो': चौथीला वाक्प्रचार शिकवताना

ताई, तुमची अडचण वाचली. चौथीच्या मुलांनी 40 वाक्प्रचार अर्थासकट पाठ केले, चाचणीत अर्थ बरोबर लिहिले आणि 'वाक्यात उपयोग करा' म्हटल्यावर एकाने लिहिलं, 'मी पोटात कावळे ओरडलो.' सराव कमी पडला का, असं तुम्ही विचारलंय. मी 22 वर्षं मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतोय. मला वाटतं सराव भरपूर झालाय, पण तो यादीचा झालाय.

त्या मुलाचं वाक्य नीट बघा. खूप भूक लागणे हा अर्थ त्याला पक्का माहीत आहे. पण यादीत 'पोटात कावळे ओरडणे' एवढंच असतं. कोणाच्या पोटात आणि ओरडतं कोण, हे तिथे कुठेच नाही. भूक मुलाला लागलीय, म्हणून त्याने क्रियापद स्वतःला जोडलं. 'आजी डोळा लागली', 'चोर धूम ठोकला', 'राजू तोंडचं पाणी पळाला' ही वाक्यंही माझ्या वर्गात येऊन गेली आहेत. चूक सगळीकडे एकच.

म्हणून 'णे' लावलेलं रूप मी आधी फळ्यावर लिहीतच नाही. पूर्ण वाक्य लिहितो: 'आजीचा डोळा लागला.' मग मुलं माणसं बदलतात. बाळाचा, माझा, राखणदाराचा. मग काळ बदलतात. लागतोय, लागेल, रात्रभर लागलाच नाही. 'चोराने धूम ठोकली' घेतलं की मांजराने, आम्ही, सगळ्या पोरांनी. दहा मिनिटं हे तोंडी चाललं की कानाला वळण लागतं. शेवटी विचारायचं, 'यादीत हे कसं लिहितील?' 'डोळा लागणे' हे रूप मग मुलंच काढून देतात. उलट्या दिशेने, म्हणजे 'डोळा लागणे'वरून वाक्यावर जायला चौथीच्या मुलाला फार जड जातं.

अर्थाचं म्हणाल तर सुरुवात मुलांच्या तोंडी असलेल्या वाक्प्रचारांनी करा. 'डोकं खाऊ नको', 'दात काढू नको', 'लय भाव खातो', 'वाट लागली', हे सगळं ती मैदानावर रोज बोलतात. फक्त त्याला वाक्प्रचार म्हणतात हे त्यांना माहीत नसतं. पहिल्या दिवशी मी मधल्या सुट्टीत ऐकलेली अशी वाक्यं फळ्यावर लिहितो. 'भाव खातो म्हणजे खरंच काही खातो का?' एवढं विचारलं की वर्ग जागा होतो. शब्दांचा अर्थ एक आणि बोलण्याचा अर्थ दुसरा, ही गोष्ट त्यांना तिथेच उमगते, व्याख्या द्यावी लागत नाही. दुसरीतल्या मुलांचं मात्र वेगळं असतं. 'आजीचा डोळा लागला' म्हटल्यावर दुसरीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, 'कुणाला?' तिला नजर लागणं माहीत होतं, झोप लागणं नव्हतं. त्या वयात सहज कानावर पडू द्या, परीक्षा घेऊ नका.

दुसरी अडचण वस्तूंची. उखळ, जातं, सूप, पोहरा या गोष्टी घरातून गेल्या आणि म्हणी मागे राहिल्या. 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' शिकवायचं तर आधी आडातून दोरीने पोहरा कसा सोडतात ते दाखवावं लागतं. मी बादलीला दोरी बांधून दाखवतो. 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' ही म्हण मी जातं पाहिल्याशिवाय घेतच नाही. सुपातले दाणेही थोड्याच वेळात जात्यात जाणार आहेत, हे डोळ्यांनी दिसल्यावर मुलं गप्प होतात. इतकी मोठी म्हण अर्थाच्या एका ओळीत संपवू नका.

सगळ्यात जास्त मला 'हरभऱ्याच्या झाडावर चढवणे'ने शिकवलं. तालुक्याच्या शाळेत असताना मुलांना चित्र काढायला सांगितलं. बहुतेकांनी आंब्याएवढं झाड काढलं आणि वर माणूस बसवला. 'खोटी स्तुती करणे' हा अर्थ त्यांना पाठ होता, पण गंमत कळली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी शेतातून टहाळ घेऊन गेलो. गुडघ्याएवढं रोप. यावर माणूस चढेल कसा? अख्खा वर्ग हसला. चढवणाराही खोटा आणि उंचीही खोटी, हे एका मुलाने आपल्या शब्दांत सांगितलं. मग सगळ्यांनी घाटे सोलून खाल्ले. ती मुलं हा वाक्प्रचार विसरली नाहीत.

नुसतं शब्दशः चित्र काढून घेण्याचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. मजा येते, पण मुलांच्या लक्षात चित्रच राहतं. पानाचे दोन भाग करा. डावीकडे शब्दांचं चित्र, उजवीकडे तो प्रसंग. उजवी बाजू रिकामी राहिली तर अर्थ कळलेला नाही, हे लगेच दिसतं.

म्हणींसाठी चौथीच्या इतिहासात एक सोनं आहे. तानाजी मालुसरे, कोंढाणा, 1670. 'गड आला पण सिंह गेला' ही गोष्ट मुलांना माहीत असते, त्यामुळे अर्थ सांगावा लागत नाही. तसा प्रसंग आपल्याकडे कधी घडला, एवढंच विचारायचं. कबड्डीत जिंकलो पण कर्णधाराचा पाय मोडला, असं एकीने सांगितलं. माझं शिकवणं तिथे संपलं.

काही म्हणी मी वर्गात घेत नाही. जातींची नावं घेऊन हिणवणाऱ्या आणि बाईला कमी लेखणाऱ्या म्हणी सरळ वगळतो. 'आंधळा मागतो एक डोळा' मी पूर्वी शिकवायचो. एका वर्षी कमी दिसणारा मुलगा पहिल्या बाकावर होता आणि ती म्हण फळ्यावर लिहिताना माझा हात थांबला. तेव्हापासून ती सोडली. ज्यांच्या घरची भाषा मराठी नाही, त्यांना आजीकडून घरच्या भाषेतली म्हण आणायला सांगा. आधी ती त्याच भाषेत म्हणायची, मग मराठीत समजावायची. माझ्या वर्गातली बंजारा मुलं त्या दिवशी सगळ्यात पुढे असतात.

आठवड्याला तीनच घ्या, 40 नकोत. चाचणीत अर्थ विचारण्याऐवजी प्रसंग द्या: 'सकाळपासून काही खाल्लं नाही, स्वयंपाकाचा वास येतोय. तुझ्या पोटाचं काय झालं ते लिही.' आणि त्या मुलाची वही लाल पेनाने दुरुस्त करू नका. त्याचं वाक्य त्यालाच मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, 'ओरडलं कोण, तू की कावळे?'