गुरगुरणं थांबलं म्हणून मी खूश झाले होते

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नवरा डॉग ट्रेनर, घरात तुमचा म्हातारा कुत्रा, 7 वर्षांचा मुलगा, आणि तीन आठवड्यांपूर्वी आलेली फॉस्टर कुत्री, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला घेतलेली. मुलगा तिच्या गादीजवळून गेला की ती गुरगुरते. नवरा दिवसभर लोकांच्या कुत्र्यांमागे, आणि घरातले सगळे तुम्हाला म्हणतात, जरा दटाव, आपोआप बंद होईल. शेवटी तुम्ही लिहिलंय की ट्रेनरच्या घरात असं व्हावं याची लाज वाटते.

लाज सोडा आधी. मीही ट्रेनरचीच बायको. 16 वर्षांत आमच्याकडे तीसेक फॉस्टर येऊन गेले, काही चार दिवस, काही वर्षभर. मी स्वतः ट्रेनर नाही, पशुवैद्य तर नाहीच, आणि तुमची कुत्री मी पाहिलेली नाही. तेव्हा हे एका अनुभवी घरातलं बोलणं समजा, उपचार समजू नका. लसी, जंताचं औषध, पहिले काही दिवस वेगळी खोली हे सगळं तुम्ही केलंच असणार, त्यात जात नाही. मला फक्त त्या 'दटाव'बद्दल बोलायचंय, कारण मी दटावलं होतं.

आमच्याकडे एक तपकिरी नर आला होता, चारेक वर्षांचा. कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या येण्याजाण्याचा हिशोब ठेवायचा म्हणून त्याचं नाव मुनीम पडलं. गादीवर पडलेला असताना माझी मुलगी, तेव्हा 8 वर्षांची, किंवा आमची म्हातारी कुत्री ठकी जवळून गेली की हलकंसं गुरगुरायचा. नवरा 15 दिवस कामासाठी बाहेरगावी. मी दरवेळी बोट रोखून ओरडायचे, "ए, गप!" आठ-नऊ दिवसांत गुरगुरणं बंद. मी फोनवर नवऱ्याला ऐटीत सांगितलं. तो म्हणाला, "गुरगुरणं गेलं की त्याला त्रास होणं गेलं?" मला राग आला. घरी दोन कुत्री, पोरीची शाळा, सगळं मी एकटी बघतेय आणि हा फोनवरून शिकवतोय. मी विषय बदलला.

त्यानंतर चौथ्या दिवशी ठकी नेहमीसारखी दाराजवळच्या तिच्या जागेकडे निघाली. तिला कमी ऐकू यायचं, दिसायचंही अंधुक. ती मुनीमच्या गादीला घासून गेली आणि त्याने आवाजही न करता तिचा कान धरला. मुलगी ठकीला ओढायला धावली, तेव्हा दुसरा चावा तिच्या हाताला. दोन खोल दात. (कुत्र्यांची झटापट सोडवायला मुलांनी कधीही हात घालायचा नाही, हे आज, आत्ता मुलाला सांगून ठेवा.) जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुतली आणि तडक डॉक्टरकडे गेलो. कुत्र्याला लस दिलेली आहे, घरचाच आहे, म्हणून हे टाळणारे लोक मी पाहिलेत. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यात 'बघू उद्या' चालत नाही.

नंतर मी ते पुन्हापुन्हा आठवून पाहिलं. गुरगुरणं गेलं होतं, बाकीचं सगळं जागेवर होतं. कोणी जवळ आलं की त्याचं अंग ताठ व्हायचं, काही चावत असेल तर जबडा थांबायचा, तोंड दुसरीकडे पण डोळा मात्र आपल्यावर, त्याची पांढरी कड दिसायची. खायला काही नसताना ओठ चाटायचा. मी कानाने पहारा देत होते, आणि कानाला ऐकू येईल ते मीच बंद करून टाकलं होतं.

आणि कारण काय निघालं? ठकीचा कान शिवून घ्यायला गेलो तेव्हा नवऱ्याने आग्रह धरून मुनीमलाही तपासून घेतलं. डॉक्टरांनी मागचा पाय ताणला तर तो कळवळला. एक्स-रे काढला, खुब्याचे दोन्ही सांधे खराब. जवळून कोणी गेलं की धक्का लागेल, दुखेल, एवढंच तो बिचारा सांगत होता. म्हणून ताई, ट्रेनिंगच्या आधी पशुवैद्य. दात, कान, सांधे, त्वचा, सगळं दाबून बघायला सांगा. नवरा ट्रेनर आहे म्हणून ही पायरी गाळू नका, आम्ही त्याच भरवशावर गाळली होती.

आता ज्या संस्थेकडून मुनीम आला तिच्याबद्दल. नाव घेणार नाही, आज तिथे वेगळी माणसं असतील. फॉर्मवर 'मुलांशी चांगला' आणि 'इतर कुत्र्यांशी चांगला' या दोन्हींपुढे बरोबरची खूण होती. चाव्यानंतर तीन दिवस फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी उत्तर मिळालं, "तुमच्याकडे ट्रेनर आहेत ना, म्हणून तर तुम्हाला दिला." म्हणजे माहीत होतं! आधीच्या घरातून तो याच कारणासाठी परत आला होता, त्यांच्या वहीत नोंद होती, आमच्या कागदावर नव्हती. घरात लहान मूल आहे हे आम्ही लिहून दिलं होतं. ट्रेनरचं घर म्हणजे अवघड कुत्री आणून टाकायची जागा, असं यांना वाटतं की काय कोण जाणे. तेव्हापासून चार गोष्टी लेखी मिळाल्याशिवाय आम्ही कुत्रं घरात घेत नाही: आधी किती घरं झाली, परत का आलं, कधी चावलं असेल तर कातडी फाटली का, आणि उद्या जमलं नाही तर ते त्याच दिवशी कुठे ठेवणार. चौथ्याचं उत्तर सहसा गोल गोल येतं. तुमच्या कुत्रीबद्दल हे अजून विचारलं नसेल तर आजच विचारा.

तुम्हाला कोणीतरी सांगेलच की ती 'अल्फा', म्हणजे कळपाची म्होरकी, व्हायला बघतेय, तिला जागा दाखवा. ही कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांवरून निघाली, 1947 साली शेंकेल या संशोधकाने ते निरीक्षण मांडलं. रानातला कळप बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं असा असतो. 1970 मधल्या पुस्तकातून हा शब्द लोकांपर्यंत नेणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच 1999 मध्ये तो चुकीचा असल्याचं लिहिलं. तुमची कुत्री घाबरलेली असेल, दुखत असेल किंवा गादी राखत असेल. या तिन्हींवरही ओरडून उपयोग नाही.

गुरगुरली तर मुलाला शांतपणे बाजूला बोलवा आणि नेमकं काय घडलं ते लिहून ठेवा. गादी वाटेतून हलवा, मध्ये बेबी गेट लावा. पुढचं नवऱ्याला माहीत आहेच: ती ताठ होणार नाही इतक्या लांब मुलगा दिसला की लगेच तिला खाऊ, तो दिसेनासा झाला की खाऊ बंद. आधी मुलगा, मग खाऊ. उलट झालं तर खाऊची पिशवी दिसली की तिला धसका बसायचा. आणि खाऊ तुम्ही टाकायचा, मुलाने नाही. यावरून माझं आणि नवऱ्याचं भांडण झालेलं आहे. ट्रेनर लोकांना घरची मुलं म्हणजे फुकटचे मदतनीस वाटतात. मूल सात वर्षांचं आहे, त्याला दमायचा, विसरायचा, कुत्र्याचा कंटाळा यायचाही हक्क आहे.

मझल (चावू नये म्हणून तोंडाला लावतात तो) शिकवणार असाल तर टोपलीसारखा घ्या, ज्यात तोंड उघडून धापता आणि पाणी पिता येतं. कापडी पट्टीचा नको. आणि चावायची हाडं, भांडी वेगवेगळ्या खोल्यांत, हे तर हवंच.

आणखी एक, थोडं विषयाबाहेरचं. संध्याकाळी नवरा घरी येतो तेव्हा त्याचा धीर लोकांच्या कुत्र्यांवर खर्च झालेला असतो. आमच्याकडे आता फ्रिजवर कागद असतो: कोणत्या वेळी कुत्रं कोणाच्या ताब्यात. ज्याची वेळ त्याने फोन बाजूला ठेवायचा. भांडणं निम्मी झाली.

मुनीमला औषधं सुरू झाली, तो आमच्याकडे अजून सात महिने राहिला, गेटच्या पलीकडे. मग एका वयस्कर जोडप्याकडे गेला, घरात मुलं नाहीत, दुसरा कुत्रा नाही. चाव्याचा सगळा प्रकार आम्ही त्यांना लिहून दिला होता, तरी नेला. ठकी मात्र नंतर दाराजवळच्या जागेवर कधी झोपली नाही. शेवटपर्यंत ओट्याखाली झोपायची, तिथे तिला धड पाय पसरता यायचे नाहीत.

तुमच्या कुत्रीची गादी नेमकी कुठे आहे? मुलाला बाथरूमला जायला तिच्या शेजारूनच जावं लागतं का? एवढं लिहा, आणि तपासणीत डॉक्टर काय म्हणाले तेही.