चेंबर उतरवण्याआधी नोटीस

तुमच्यासारखी पत्रं मला सतत येतात. कधी ट्रॅक्टरचं इंजिन असतं, कधी जीपचं. तुमची जुनी ऑक्टाविया आर-एस आहे, एवढाच फरक. पुण्याच्या एका गॅरेजात १.८ टर्बो इंजिन पूर्ण बांधून घेतलं, ३ लाख ४० हजार मोजले आणि गाडी तापली की सिग्नलला ऑइलचा लाल दिवा पेटतो. गॅरेजवाला आधी म्हणाला सेन्सर खराब आहे, मग म्हणाला जाड ऑइल टाका, आता म्हणतो गाडी पाठवून द्या, खोलून बघतो, मजुरी घेणार नाही. इकडे कोल्हापुरातला तुमचा मिस्त्री येत्या रविवारी चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी, उतरवायला तयार बसलाय. पैसे परत मिळतील का आणि केस पुण्यातच टाकावी लागेल का, हे तुमचे दोन प्रश्न.

तुम्ही ग्राहक ठरता का, इंजिनचं काम ही सेवा आहे का, यावर मी शाई घालवत नाही. गाडी तुमच्या घरच्या वापराची आहे, पैसे दिलेत, पुरे. तुमचं प्रकरण ठरणार आहे ते एकाच गोष्टीवर: बांधल्यानंतर हे इंजिन पहिल्यांदा कोणी आणि कोणासमोर उघडलं. म्हणून रविवारचा बेत आधी रद्द करा.

कारण सांगतो. गरम झाल्यावर ऑइलचं प्रेशर पडणं याची कारणं अनेक. क्रँक (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) जास्त घासली गेली किंवा बेअरिंग चुकीच्या साइजचं बसलं, की मधली फट वाढते आणि पातळ झालेलं ऑइल तिथूनच निसटतं. फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचाच असतो. ऑइल पंप झिजलेला असतो, जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह अडकलेला असतो, तळातून ऑइल ओढणाऱ्या पिकअप पाइपची रिंग नीट न बसल्याने पंप हवा ओढत असतो. यातलं प्रत्येक कारण उघडल्याक्षणी दिसतं, आणि उघडणाऱ्याने हात लावला की पुसलंही जातं. तुमच्या मिस्त्रीने बेअरिंग काढून टेबलावर ठेवलं, की समोरचा वकील एकच प्रश्न विचारेल: हे आमच्याच गॅरेजने बसवलेलं बेअरिंग कशावरून? त्याला तुमच्याकडे उत्तर नसेल. त्यातच तुमच्या बिलाच्या पाठीमागे छापलंय, ‘इंजिन अन्यत्र उघडल्यास आमची जबाबदारी राहणार नाही.’ हे कलम अयोग्य आहे असा वाद घालता येईल. पण अयोग्य कराराचा मुद्दा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जिल्हा ग्राहक आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे दिलेला आहे. त्या वाटेला जायची गरजच पडू देऊ नका.

गॅरेजची फुकट खोलून बघण्याची तयारी मला अधिक धोक्याची वाटते. गाडी एकदा त्यांच्या दारात गेली की उघडणारे तेच, बघणारे तेच आणि ‘गाळाने जाळी बंद पडली होती, मालकाने ऑइल वेळेवर बदललं नाही’ असं सांगणारेही तेच. १.८ टर्बोमध्ये पिकअपच्या जाळीला गाळ बसण्याची तक्रार जुनी आणि जगजाहीर आहे, त्यामुळे हा बचाव ऐकायला पटण्यासारखा आहे. शिवाय त्यांनी नवीन कामाचं बिल लावलं, तर भारतीय करार कायद्याच्या कलम १७० चा आधार घेऊन पैसे मिळेपर्यंत ते गाडी अडवून ठेवू शकतात. त्यात ते जिंकतील असं मी म्हणत नाही. पण तोवर तुमची गाडी आत आणि तुम्ही बाहेर, अशी अवस्था होईल.

आता काय करायचं ते. प्रेशर स्विच (तो दिवा पेटवणारा सेन्सर) काढून त्या जागी प्रेशर मोजणारं मेकॅनिकल गेज लावणं म्हणजे इंजिन उघडणं नव्हे. हे काम कोल्हापुरातच करून घ्या, तुमच्या मिस्त्रीशिवाय कोणी त्रयस्थ माणूस हजर ठेवा. परवाना असलेला मोटार सर्व्हेयर, म्हणजे विम्यासाठी गाड्यांचं नुकसान तपासणारा माणूस, मिळाला तर उत्तम. इंजिन थंड असताना आणि पूर्ण तापल्यावर, आयडलिंगला आणि २००० आरपीएमला, असे आकडे घ्या. ओडोमीटर, आरपीएम आणि गेज एकाच व्हिडिओत दिसले पाहिजेत, तुकडे जोडलेला व्हिडिओ नको. दर हजार आरपीएमला दहा पीएसआय (दाबाचं एकक) हा गॅरेजमधला हिशेब आयोगापुढे चालत नाही. तुमच्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलं पान सोबत जोडा. आणि गेजवर प्रेशर चांगलं आलं, तर दोष खरोखरच स्विचचा किंवा वायरिंगचा आहे. मग ३ लाख ४० हजारांची केस विसरा, स्विच बदला.

जाड ऑइलबद्दल तुमच्यावर मला राग आहे, तो लपवत नाही. २०डब्ल्यू-५० टाकून तुम्ही दिवा काही दिवस विझवलात, आधीचं ऑइल ओतून दिलंत आणि फिल्टर कचऱ्यात टाकलात. तो फिल्टर कापला असता तर आतल्या कागदाच्या घड्यांमध्ये बेअरिंगची चमकी सापडली असती, आणि तो तुमचा सगळ्यात स्वस्त पुरावा ठरला असता. लाल दिवा लागत असताना तुम्ही गोव्यापर्यंत जाऊनही आलात. नुकसान वाढू न देण्याची काळजी तुम्हीही घ्यायची असते, हे करार कायद्याच्या कलम ७३ मध्येच आहे. यावरून भरपाईत काही कपात होऊ शकते. किती, ते आयोगाच्या हातात. गेजची चाचणी झाली की गाडी बंद करा. नंतर चालवाल तर तो दोष गॅरेजचा राहणार नाही.

गेजवर प्रेशर कमी आलं की लगेच नोटीस. स्पीड पोस्टाने, पोच घेऊन, सोबत ई-मेल आणि व्हॉट्सअॅपवर. नोटिशीत पैसे मागाच, पण त्याआधी ठळकपणे हे लिहा: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, त्रयस्थ तज्ज्ञासमोर इंजिन उघडणार आहे, आपण किंवा आपला प्रतिनिधी हजर राहावं, न आल्यास ही तपासणी आपल्या गैरहजेरीत झाली असं धरलं जाईल. पंधरा दिवसांची मुदत द्या. ते आले तर बेअरिंगच्या पाठीवरचा साइजचा आकडा, प्लास्टिगेजची (बेअरिंगमधली फट मोजायच्या प्लास्टिकच्या धाग्याची) चपटी झालेली पट्टी आणि क्रँकची मापं त्यांच्या डोळ्यांसमोर नोंदली जातील, पंचनाम्यावर त्यांची सही येईल. नाही आले तरी तुमची बाजू आजच्यापेक्षा खूप भक्कम होईल.

याहून सुरक्षित मार्ग म्हणजे इंजिन न उघडताच तक्रार दाखल करून ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(२)(क) खाली तपासणीचा अर्ज देणं. चाचणीशिवाय दोष कळत नसेल तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, फी तुम्ही भरायची, अहवाल ४५ दिवसांत अपेक्षित. ते कलम वस्तूंबद्दल आहे, तुमचं भांडण अर्धं मजुरीचं आहे. त्यामुळे आक्षेप येईल. तज्ज्ञ म्हणून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचा यंत्र विभाग सुचवा. गाडी तोवर उभी ठेवायची तुमची तयारी असेल तर मी हाच मार्ग घेईन. तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि गाडी वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली सडते. कायदा इतका स्पष्ट असताना हे चालतं याचा मला संताप येतो, पण तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

बाकीचं थोडक्यात. तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात करता येते, तुम्ही तिथे राहता हे पुरेसं आहे. ‘पुणे न्यायक्षेत्र’ या छापील ओळीला घाबरू नका, आक्षेप मात्र येणार हे धरून चाला. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. क्रँक घासणाऱ्या लेथवाल्याला पक्षकार करायचं का, हे त्याचं बिल पाहिल्याशिवाय सांगणार नाही. तुमचा व्यवहार गॅरेजशी झाला, त्यांचं आपसातलं त्यांनी बघावं. निम्मे पैसे तुम्ही कच्च्या चिठ्ठीवर रोख दिलेत. बँकेतून त्या दिवशी काढलेल्या रकमेची नोंद आणि रक्कम कबूल करणारे त्यांचे मेसेज जपून ठेवा, नाहीतर तेवढी रक्कम सिद्ध होणं अवघड.

मुदत दोन वर्षांची, कलम ६९. गेल्या वर्षीच्या जानेवारीत गाडी ताब्यात घेतलीत, तर येत्या जानेवारीला ती संपली असंच समजा. दिवा नंतर पेटला हा युक्तिवाद आहे, त्यावर विसंबू नका. ‘बघतो’, ‘करून देतो’ अशा मेसेजांनी मुदत वाढत नाही आणि तुमच्या नोटिशीनेही नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण कारण पटावं लागतं, आणि गॅरेजवाल्याच्या शब्दावर थांबलो हे कारण सहसा पटत नाही.

या आठवड्यात गेज लावा. आकडे, व्हिडिओ, बिलाची दोन्ही बाजूंची प्रत आणि सगळे मेसेज घेऊन तुमच्या जवळच्या वकिलाकडे जा. गेजचं काम सोडलं तर गाडीचं बॉनेट मात्र त्याआधी कोणालाही पाना घेऊन उघडू देऊ नका.