'ऊती' म्हणावे की 'ऊतक', आणि 'स्नायू' नेमके कशाला म्हणावे?

एका वाचकांनी तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. एका विशिष्ट कामासाठी एकत्र आलेल्या पेशींच्या रचनेला (इंग्रजीत टिश्यू) शालेय पाठ्यपुस्तकात 'ऊती' हा शब्द येतो आणि मराठी विश्वकोशात 'ऊतक' येतो, तर यांपैकी योग्य कोणता? या शब्दाचा मूळ अर्थ काय? आणि मानवी शरीरातील ऊतींचे जे चार मूलभूत प्रकार सांगितले जातात, त्यांतील 'स्नायू ऊती'ला हिंदी पुस्तकांत 'पेशी ऊतक' का म्हटलेले असते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तुलनेने सरळ आहेत. तिसऱ्याचे उत्तर मात्र बऱ्याच वळणांचे आहे, आणि मला स्वतःला तेच अधिक रंजक वाटते.

आधी व्युत्पत्ती पाहू. संस्कृतात 'वे' म्हणजे विणणे असा एक धातू आहे. त्याचे वर्तमानकाळी रूप 'वयति', त्यापासून झालेले विशेषण 'ऊत' म्हणजे विणलेले, आणि नाम 'ऊति' म्हणजे वीण किंवा विणकाम. हा 'ऊत' आपण रोजच्या बोलण्यातही नकळत वापरतो, कारण 'ओतप्रोत' या शब्दात 'आ' आणि 'प्र' या उपसर्गांना जोडून तोच दोनदा आलेला आहे. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते की हे सर्व जर पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे? तेथे चित्र आहे ते उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेल्या वस्त्राचे. मराठीत 'ओतणे' हे क्रियापद शेजारी असल्यामुळे 'ओतप्रोत' म्हणजे काठोकाठ भरलेले, असा अर्थ आपल्या मनात पक्का झाला आणि वस्त्र विसरले गेले. वेदांत 'ऊति' हा शब्द रक्षण किंवा साहाय्य या अर्थी वारंवार येतो; तो 'अव्' या वेगळ्या धातूपासून आलेला असल्याने कोशात पाहताना दोन्हींची गल्लत करू नये. दुधाला येणाऱ्या 'ऊत'चा तर येथे काहीच संबंध नाही.

वीण हीच प्रतिमा का निवडली, याचे कारण युरोपीय भाषांत सापडते. फ्रेंच 'तिस्यू' म्हणजे विणलेले कापड, आणि ते लॅटिनमधील विणणे या अर्थाच्या क्रियापदावरून आले. जर्मन भाषेतही ऊतीला विणलेल्या वस्तूचेच नाव आहे, आणि ऊतींच्या शास्त्राला जे 'हिस्टॉलॉजी' नाव आहे, त्यातील ग्रीक 'हिस्टॉस'चा अर्थ माग किंवा मागावरचे कापड असा आहे. शरीररचनेत हा शब्द रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने झाव्हिए बिशा (1771–1802) या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाला दिले जाते. त्याने 1801 मधील आपल्या ग्रंथात शरीरातील ऊतींचे 21 प्रकार सांगितले, आणि तेही सूक्ष्मदर्शकाचा वापर न करता. शवाचे भाग उकळून, वाळवून, कुजवून, आम्लात टाकून त्यांचा पोत कसा बदलतो, यावरून त्याने हे प्रकार ठरवले. हाताला आणि डोळ्याला जाणवणारा पोत हाच ज्याचा पुरावा होता, त्याला कापडाचीच उपमा सुचली, यात नवल नाही. पुढे सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात हा पेशीसिद्धान्त आला, ऊती सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या आणि 21 प्रकारांचे चार मुख्य गट झाले; नाव मात्र कापडाचेच राहिले. 'ऊती' आणि 'ऊतक' या दोन्ही शब्दांत ते कापड आलेले आहे, म्हणून व्युत्पत्तीच्या कसोटीवर दोन्ही शब्द सारखेच शुद्ध आहेत. 'पेशीसमूह' हा पर्याय काही जण सुचवतात. तो व्याख्येला पुरतो, पण संज्ञा म्हणून पुरत नाही, कारण ऊतीमध्ये पेशींच्या जोडीला पेशींबाहेरचे द्रव्यही असते आणि काही ऊतींमध्ये तर तेच अधिक असते.

निवड करायची ती मग व्याकरण आणि रूढी पाहून. 'ऊतक' नपुंसकलिंगी आहे आणि त्याचे अनेकवचन 'ऊतके' होते, म्हणजे एक की अनेक हे शब्दावरूनच कळते. 'ऊती' स्त्रीलिंगी आहे आणि शक्ती, कृती, रीती यांच्याप्रमाणे त्याचे अनेकवचनही 'ऊती'च राहते. 'भाकरी–भाकऱ्या'च्या धर्तीवर 'ऊत्या' करणे चूक आहे. त्यामुळे 'संयोजी ऊती असते' की 'असतात', हे क्रियापद येईपर्यंत कळत नाही. विभक्तीत ही अडचण उरत नाही: ऊतीला आणि ऊतींना, ऊतीचा आणि ऊतींचा, असा भेद स्पष्ट असतो. माझे मत विचाराल तर मी 'ऊती' वापरतो, कारण मराठी माध्यमात शिकलेल्यांच्या कानावर तोच बसला आहे आणि 'ऊतक' वाचताना हिंदीची आठवण होते. एकाच लेखात मात्र दोन्हींची सरमिसळ करू नये, कारण नवखा वाचक त्या दोन वेगळ्या गोष्टी समजतो.

आता चार प्रकार. अभिस्तर ऊती शरीराचे पृष्ठभाग आणि आतील पोकळ्या आच्छादते, शिवाय ग्रंथीही तिच्याच बनलेल्या असतात. संयोजी ऊती जोडते व आधार देते, स्नायू ऊती आकुंचन पावते आणि चेता ऊती (मज्जातंतूंची ऊती) संवेद वाहून नेते. जठराची भित्ती घेतली तर या चारही ऊती एका जागी भेटतात: आत पाचकरस स्रवणारे अभिस्तर, त्याखाली रक्तवाहिन्या सामावणारी संयोजी ऊती, तिच्याबाहेर स्नायूंचे थर आणि त्या थरांमध्ये पसरलेले चेतांचे जाळे. गंमत अशी की विणकामाची उपमा यांतील एकाच प्रकाराला खरोखर शोभते. संयोजी ऊतीत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू आडवे-उभे पसरलेले असतात आणि पेशी त्यांच्यामध्ये विरळ असतात. अभिस्तरात मात्र धागा असा नसतोच. पेशी एकमेकींना खेटून, फरशीसारख्या बसवलेल्या असतात, आणि त्यांच्यामध्ये रक्तवाहिन्याही शिरत नाहीत. तेथे वीण म्हणण्यापेक्षा गिलावा म्हणणे अधिक बरोबर झाले असते.

'संयोजी' या नावामुळे रक्ताबद्दल हमखास शंका येते, कारण वाहते रक्त कशाला जोडणार? येथे नावापेक्षा रचना पाहावी लागते. पेशी एका आधारकात, म्हणजे पेशींभोवतीच्या द्रव्यात, विखुरलेल्या असणे हे या गटाचे लक्षण आहे. हाडात तो आधारक क्षारयुक्त व कठीण असतो, कास्थीत (कूर्चेत) लवचिक असतो आणि रक्तात द्रव असतो. म्हणून हाड, चरबी आणि रक्त अशा दिसायला एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या गोष्टी एका नावाखाली येतात.

याच ठिकाणी काही जण विचारतात की आयुर्वेदात 'धातू' हा शब्द असताना नवा शब्द घडवलाच कशाला. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र हे सात धातू आहेत. त्यांतील रक्त, मेद आणि अस्थी हे तिन्ही आजच्या वर्गीकरणात एकट्या संयोजी ऊतीत जातात, मांस स्नायू ऊतीत जाते, आणि अभिस्तर व चेता या ऊतींसाठी यादीत स्वतंत्र जागाच नाही. ही यादी अपुरी आहे असा याचा अर्थ नव्हे. एका धातूचे पोषण होऊन पुढचा धातू घडतो, अशा क्रमाच्या कल्पनेवर ती रचलेली आहे आणि पेशींच्या मांडणीशी तिला कर्तव्य नाही. वर्गीकरणाचा पायाच निराळा असताना 'धातू' हा प्रतिशब्द घेतला असता तर दोन्ही शास्त्रांत गोंधळ झाला असता.

आता तिसरा प्रश्न. 'स्नायू' हा तत्सम शब्द मराठीत, हिंदीत आणि बंगालीत आहे, पण तो एकाच गोष्टीसाठी वापरला जात नाही. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदातील प्राचीन ग्रंथाच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेवरील भागात, 900 स्नायू आणि 500 पेशी सांगितल्या आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचे गट, आणि स्नायू म्हणजे सांध्यांना बांधून ठेवणारे बंध. फळ्या पुष्कळ बंधनांनी घट्ट बांधलेल्या असल्या की नौका जशी पाण्यात माणसांचा भार पेलते, तसे शरीर स्नायूंमुळे भार पेलते, अशी उपमा तेथे दिलेली आहे. म्हणजे सुश्रुताचे स्नायू आजच्या भाषेत अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारे) आणि स्नायुरज्जू (मांसाला हाड जोडणारे) यांच्या जवळचे आहेत, आणि हे दोन्ही संयोजी ऊतीत मोडतात. मराठीत 'स्नायू' त्या दोरीवरून दोरी ओढणाऱ्या मांसावर सरकला. हिंदी-बंगालीत तो दुसऱ्या दिशेने गेला आणि चेतातंतूंचे नाव झाला, म्हणून हिंदीत 'स्नायु तंत्र' वाचले तर ती आपली चेतासंस्था समजावी. एकच शब्द सुश्रुतात संयोजी, मराठीत स्नायू आणि हिंदीत चेता अशा तीन ऊतींना लागू झाला. याला भाषांतराची चूक म्हणता येणार नाही, कारण ग्रीकमध्येही तसेच घडले: 'न्यूरॉन'चा जुना अर्थ कंडरा (म्हणजे स्नायुरज्जू) किंवा धनुष्याची दोरी असा होता आणि नंतर तो चेतांसाठी रूढ झाला. उघड्या शरीरात पांढरट, चिवट दोरीसारखे जे दिसते ते कंडरा आहे की चेता, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अवघड असते.

'पेशी'ची गोष्ट याला जोडूनच आहे. मराठीने स्नायू मांसाला देऊन टाकल्यामुळे 'पेशी' हा जुना मांसवाचक शब्द मोकळा झाला, आणि तो सजीवाच्या मूलभूत घटकासाठी स्थिर झाला. हिंदीने त्या घटकाला 'कोशिका' म्हटले आणि 'पेशी' मांसाकडेच ठेवली. त्यामुळे हिंदीतील 'पेशी ऊतक' म्हणजे आपली स्नायू ऊती. मराठी वाचकाला मात्र ते 'पेशींची ऊती' असे निरर्थक वाटते. मराठी विश्वकोशात 'कोशिका' हा शब्द दिसतो, तोही याच संदर्भात लक्षात ठेवावा.

चौथ्या प्रकाराबाबत एक सूचना करावीशी वाटते. 'चेता' रूढ होण्यापूर्वी 'मज्जातंतू' आणि 'मज्जासंस्था' हे शब्द सर्रास वापरले जात आणि आजही बोलण्यात येतात. पण मज्जा म्हणजे हाडातील मगज, आणि 'अस्थिमज्जा' तर रक्तपेशी घडवणारी निराळीच ऊती आहे. शास्त्रीय लेखनात मज्जा हाडांसाठी राखून ठेवावी आणि चेतांसाठी 'चेता'च वापरावे, हे बरे.

लेखनाबद्दलही वाचकांनी जाता जाता विचारले आहे. 'उती' असे ऱ्हस्व लेखन अनेक ठिकाणी दिसते, पण मूळ शब्दात आद्य 'ऊ' दीर्घ आहे, म्हणून तो दीर्घच लिहावा. शेवटची वेलांटी मात्र जागेनुसार बदलते: स्वतंत्र शब्द 'ऊती', आणि समासात पूर्वपदी आल्यास 'ऊतिविज्ञान', 'ऊतिसंवर्धन'. 'अस्थी'चे 'अस्थिबंध' आणि 'स्नायू'चे 'स्नायुरज्जू' होते ते याच नियमाने. 'स्नायू ऊती' असे दोन शब्द सुटे लिहिले तर दोन्ही दीर्घान्त ठेवावेत.