सेंटरिंगवाल्याचा टीडीएस कापायचा राहिला, आता काय?

विश्रामबागेतल्या साइटवर सेंटरिंगवाल्याला (स्लॅबचा साचा बांधणाऱ्याला) २०२४-२५ मध्ये २,४०,००० रुपये दिले, टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) राहिला, असं विचारलंय. तुमचा एकट्याच्या मालकीचा धंदा असेल आणि आदल्या वर्षाची उलाढाल १ कोटीच्या आत असेल, तर प्रश्नच मिटला. नसेल तर कंत्राटदारांच्या टीडीएसच्या कलम १९४सीप्रमाणे १ टक्का, म्हणजे २,४०० रुपये. त्याचा पॅन आधी मागवा, नाहीतर थेट २० टक्के. वर दरमहा १ टक्का व्याज. अर्धवट महिनाही पूर्ण धरतात. चलन भरून त्या तिमाहीचं २६क्यू (टीडीएसचं विवरणपत्र) दुरुस्त करा.

त्यानं रिटर्नमध्ये ही रक्कम दाखवून कर भरला असेल, तर सीएकडून तसा दाखला, म्हणजे फॉर्म २६ए, करून घ्या. मूळ कर सुटतो, व्याज नाही.

नुसतं सोडून दिलंत तर खर्चातले ३० टक्के, म्हणजे ७२,०००, नामंजूर होतात. तेही २,४०० पायी! हे पैसे त्याच्या पुढच्या बिलातून वळते करणार असाल तर त्याला आधीच सांगा, ऐन स्लॅबच्या दिवशी वाद नको.