म्युनिकची ऑफर, रविवार आणि मंडळी

सलाम.

तुम्ही विचारलंय, म्युनिकच्या ऑफरमध्ये ऑन-कॉल (सुट्टीतही यंत्रणा बिघडली तर लगेच कामाला लागायची पाळी) आहे तर रविवारची उपासना जमेल का, चर्च टॅक्स भरावा का, आणि सॉफ्टवेअरच्या धबडग्यात तिकडे विश्वास टिकतो का. मीही नगरच्याच मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, वाढलो, पुण्यात अमेरिकन क्लायंटसाठी रात्री जागवल्या, आणि आता इथं जर्मनीत बॅकएंडचं (सर्व्हरच्या बाजूच्या सॉफ्टवेअरचं) काम करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रविवार, कारण माझ्या मते बाकी सगळं त्यावरच उभं आहे. जर्मनीत रविवारच्या विश्रांतीला थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं ते कलम आजच्या घटनेनेही कायम ठेवलंय. दुकानं बंद, रस्ते शांत. पण कामाच्या वेळेच्या कायद्यात अपवाद आहेत, आणि डेटा नेटवर्क व संगणक यंत्रणा चालू ठेवणं त्या अपवादांत नाव घेऊन लिहिलेलं आहे. म्हणजे पेजर (ऑन-कॉलचा इशारा) रविवारीही वाजू शकतो. मात्र रविवारी काम केलं तर दोन आठवड्यांच्या आत बदली सुट्टी मिळायला हवी, आणि वर्षातले किमान १५ रविवार मोकळे हवेत. एक दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत साधारणपणे ११ तासांची विश्रांतीही हवी.

हे सगळं सही करण्याआधी विचारा. ऑन-कॉलच्या पाळ्यांचं रोटेशन किती जणांचं आहे? पाळी बदलून घेता येते का? रविवारी अलर्ट आला तर बदली सुट्टी कशी नोंदवतात? आणि कारण लपवू नका. ‘रविवारी सकाळी मी चर्चमध्ये असतो, त्याऐवजी शनिवारची रात्र घेतो’ असं सरळ सांगितलेलं इथं समजून घेतात. आमच्या टीममध्ये एक मुस्लिम सहकारी आहे. ईस्टरला पेजर त्याच्याकडे, ईदला माझ्याकडे. कॅलेंडर उघडलं की पहिल्यांदा आम्ही दोघं तेवढंच ठरवून टाकतो.

मी याबद्दल इतका आग्रही का, तेही सांगतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात शब्बाथाची (विश्रांतीच्या दिवसाची) आज्ञा देताना कारण दिलंय की तू मिसर देशात दास होतास, याची आठवण ठेव. आपल्या धंद्यात बॅकलॉग, म्हणजे राहिलेल्या कामांची यादी, कधीच रिकामा होत नाही. एक तिकीट (नोंदवलेलं काम) बंद केलं की दोन उघडतात, आणि मी नसलो तर सिस्टीम कोसळेल असं हळूहळू खरंच वाटायला लागतं. तेव्हा पेजर दुसऱ्याच्या हाती देऊन प्रभुभोजनाला बसणं ही माझ्यासाठी विश्वासाची कृती आहे. जग देव चालवतो, मी नाही, हे त्या दोन तासांत मला शरीरानेच कबूल करावं लागतं. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांचं नाव तुम्हाला माहीत असेलच. ते लुथरन आहेत, घरात पाइप ऑर्गन आहे. बायबलमधल्या पुस्तकांच्या तिसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन घेऊन त्यांनी अभ्यास केला, आणि १ जानेवारी १९९० पासून ई-मेल वापरणं सोडलं. आपल्याला ई-मेल सोडणं परवडणार नाही, पण कामाला कुंपण घालता येतं एवढं त्यांच्याकडून घ्यावं.

एस्टिमेटच्या, म्हणजे कामाला किती वेळ लागेल ते सांगण्याच्या, बाबतीत इथं मला पुण्यापेक्षा मोकळं वाटतं. होय तर होय, नाही तर नाही, हे प्रभूचं सांगणं स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये (पुढच्या टप्प्याचं काम ठरवण्याच्या बैठकीत) पाळता येतं. ‘तीन आठवडे लागतील’ म्हटलं की कोणी उद्धट समजत नाही.

आता टॅक्स. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, आणि त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथं ‘एव्हांगेलिश’ (प्रोटेस्टंट) किंवा कॅथलिक लिहिलं की पगारातून चर्च टॅक्स कापला जातो. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, तो आयकराच्या ८ टक्के आहे, बहुतेक इतर राज्यांत ९. हे पगाराच्या नव्हे, आयकराच्या टक्के, हे नीट लक्षात घ्या. वर्षाचा आयकर १०,००० युरो असेल तर ८०० युरो. पुढे नाव काढायचं तर सरकारी कार्यालयात जाऊन रीतसर मंडळी सोडावी लागते. बहुतेक फ्री चर्च (या दोन मोठ्या चर्चपासून स्वतंत्र मंडळ्या) हा कर घेत नाहीत, ती अर्पणांवर चालतात. मी भरतो. त्यातून पाळकांचे पगार, बालवाड्या, वृद्धांची सेवा चालते. पण फक्त पैसे वाचवायला रकाना कोरा ठेवणं मला पटत नाही. कुठल्या मंडळीत जाणार ते ठरवा, मग त्याप्रमाणे लिहा.

मंडळी निवडताना सुरुवातीला इंग्रजी उपासना सोपी पडेल. तरी महिन्यातून एकदा तरी जर्मन उपासनेला जा. केस पांढरे झालेली थोडीच माणसं असतात, गाणी संथ असतात, पण कोपऱ्यावर राहणाऱ्या आजी तिथंच भेटतात, आणि आजारपणात सूप घेऊन त्याच येतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं घरी म्हणा, मुलं असतील तर त्यांच्याकडूनही म्हणून घ्या. ती इथं दुसरं कोणी शिकवणार नाही.

प्रोबेशन बहुधा सहा महिन्यांचं असेल, आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. त्या दडपणात रविवार सगळ्यात आधी सुटतो. म्हणून निघण्याआधीच इथल्या एखाद्या पाळकाला मेल करून ठेवा, आणि नगरच्या पाळकांकडून मंडळीचं पत्र व बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन या.