निर्यातीच्या पॅकहाऊसची नोंदणी: द्राक्ष, डाळिंब आणि भाजीपाला उत्पादकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (निफाड तालुक्यातील शेतकरी गट): फलोत्पादन अभियानाच्या अनुदानातून बांधलेले ९ बाय ६ मीटरचे पॅकहाऊस आमच्याकडे आहे. यंदा थॉमसन द्राक्षे गटाच्या नावाने युरोपला पाठवायची आहेत. हेच पॅकहाऊस अपेडाकडे (केंद्राचे कृषिमाल निर्यात विकास प्राधिकरण) नोंदवता येईल का?

जसे आहे तसे नोंदवता येणार नाही. ही गल्लत बऱ्याच ठिकाणी होते. अभियानाच्या २०१४ च्या निकषांत ४ लाख रुपये खर्च धरून २ लाखांपर्यंत अनुदान मिळत असे ते पॅकहाऊस म्हणजे मळ्यातला माल सावलीत आणून निवडण्या-भरण्याची सोय. त्यात प्री-कूलिंग (साठवणीआधी माल झपाट्याने थंड करण्याची सोय) नाही, शीतगृह नाही, बहुतेक ठिकाणी माल आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे दारही एकच. अपेडाची मान्यता मिळते ती आवक, प्रतवारी, पॅकिंग, प्री-कूलिंग, साठवण आणि कंटेनर भरणी एका छताखाली, ओळीने होणाऱ्या केंद्राला. युरोपला द्राक्षे पाठवताना मान्यताप्राप्त पॅकहाऊसमध्ये भरलेल्या मालाचीच साखळी ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांचा बागेपासून माग ठेवणारी अपेडाची ऑनलाइन प्रणाली) पुढे सरकते. तिथे अडले की अ‍ॅगमार्कचे प्रमाणपत्र नाही आणि फायटोही (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) नाही.

तुमच्या जागेचा उपयोग मात्र होईल. शेतातून आलेले क्रेट उतरवून घेण्याचा, वजन करण्याचा आवक विभाग म्हणून ती वापरा आणि पुढची इमारत तिला जोडून बांधा. आराखडा काढताना कागदावर मालाच्या प्रवासाची एक रेघ ओढा: आवक, निवड टेबल, पॅकिंग, प्री-कूलिंग, ग्रेपगार्ड (बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद) लावणे, शीतगृह, कंटेनरचे दार. ही रेघ कुठेही स्वतःला छेदत असेल तर आराखडा बदला. तपासणीला आलेली मंडळी सगळ्यात आधी हेच पाहतात. भिंत बांधून झाल्यावर दार हलवणे महाग पडते, म्हणून नकाशा मंजुरीआधीच दाखवून घ्यावा.

आता यंत्राचा मुद्दा, कारण सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो. शीतगृह म्हणजे प्री-कूलिंग नव्हे. शीतगृहाचे यंत्र थंड माल थंड ठेवण्यापुरते असते. हिशोब करून पाहा: ६ टन द्राक्षे २८ अंशांवरून २ अंशांवर ७ तासांत आणायची आहेत. द्राक्षाची उष्माधारकता किलोमागे अंशाला ३.८ किलोज्यूल धरली तर काढावी लागणारी उष्णता सुमारे ५ लाख ९३ हजार किलोज्यूल, म्हणजे सरासरी २३.५ किलोवॅट, म्हणजे ६.७ टन रेफ्रिजरेशन (हा वजनाचा टन नव्हे, यंत्राची थंड करण्याची ताकद याच टनात मोजतात). हा फक्त फळाचा भार झाला. पंख्यांची उष्णता, खोके, दार उघडणे यांचा भार वेगळा. शिवाय माल आत गेल्यावर पहिल्या एक-दोन तासांत भार सरासरीच्या जवळजवळ दुप्पट असतो. ठेकेदार "पाच टनाचे मशीन बास होईल" म्हणाला तर हा हिशोब त्याच्यापुढे ठेवा. यंत्र कमी पडले की पहिली बॅच १२ तास अडते, दुसरी बॅच दारात उन्हात उभी राहते आणि तिचे देठ तपकिरी होतात. काढणीपासून ४ ते ६ तासांच्या आत माल प्री-कूलिंगमध्ये गेला पाहिजे. नंतर कितीही थंड केले तरी सुकलेला देठ पुन्हा हिरवा होत नाही.

थंड हवा खोक्यांच्या बाहेरून फिरून उपयोग नसतो, ती खोक्याच्या छिद्रांतून आत ओढली गेली पाहिजे. त्यासाठी दोन रांगांमधली वरची व मागची फट ताडपत्रीने बंद करतात. ही ताडपत्री नीट न बसवल्याने वरचे खोके ३ अंशांवर आणि मधले ९ अंशांवर, असे हमखास होते. तापमान खोलीच्या पडद्यावर वाचू नका. टोकदार थर्मामीटर मण्यात खुपसून मधल्या ओळीतल्या खोक्याचे गर तापमान घ्या आणि वहीत लिहा.

ग्रेपगार्ड प्री-कूलिंगनंतरच लावायचा. गरम मालावर आधी लावला की लायनरच्या (खोक्यातल्या प्लास्टिक अस्तराच्या) आत पाणी सुटते, त्या ओलाव्याने कागदातला सोडियम मेटाबायसल्फाइट एकदम जागा होतो, सल्फर डायऑक्साइड भसकन सुटतो आणि देठाजवळचे मणी पांढरे पडतात. नंतर तोच कागद प्रवासाच्या शेवटच्या आठवड्यात रिकामा, म्हणजे बुरशीला मोकळे रान. प्री-कूलिंग होईपर्यंत लायनर उघडा ठेवा, गर तापमान उतरल्यावर ग्रेपगार्ड ठेवून घडी घाला आणि माल ० ते १ अंश, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत न्या.

प्रश्न (त्याच गटाकडून): अर्जाला कोणती कागदपत्रे लागतात आणि तपासणीत काय पाहतात?

अर्ज अपेडाच्या पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. त्याआधी चार गोष्टी हातात असू द्या: आयात-निर्यात कोड, अपेडाचे नोंदणी-सदस्यत्व प्रमाणपत्र, एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना आणि जागेच्या मालकीचा किंवा भाडेकराराचा पुरावा. चारही ठिकाणी कंपनीचे नाव आणि पत्ता अक्षरशः सारखा हवा. एका कागदावर "प्रोड्युसर" आणि दुसऱ्यावर "प्रोड्यूसर्स" असल्याने अर्ज परत येतात. गट नोंदणीकृत शेतकरी उत्पादक कंपनी नसेल तर आधी तेवढे उरका. बचतगटाच्या नावावर हे काम पुढे सरकत नाही.

सोबत मोजमापांसह इमारतीचा नकाशा, यंत्रांची यादी व क्षमता, पाण्याचा पिण्यायोग्यतेचा अहवाल, तापमापक आणि वजनकाट्यांची तपासणी, कामगारांच्या आरोग्य तपासणीचे दाखले आणि अन्नसुरक्षेची लिखित कार्यपद्धती ठेवा. पाण्याचा नमुना विहिरीवरून घेऊ नका. ज्या नळाखाली कामगार हात धुतात त्या नळाचा घ्या, कारण टाकी घाण असली तर विहिरीचा अहवाल चांगला असून उपयोग नाही.

तपासणी पथक आल्यावर कागदांइतकेच लक्ष पुढील गोष्टींवर असते. शौचालयाचे दार पॅकिंग हॉलमध्ये उघडता कामा नये. ट्यूबलाइटला झाकण हवे, नाहीतर फुटलेली काच खोक्यात जाते. निवड टेबलावर उजेड भरपूर हवा. ५०० लक्सच्या आसपास असला की मण्यावरचा डाग दिसतो, त्याखाली तो परदेशातल्या तपासनीसालाच दिसतो. उंदरांसाठी विषारी आमिष इमारतीबाहेर, आत फक्त चिकट सापळे, आणि प्रत्येक सापळ्याला क्रमांक देऊन नकाशावर खूण. प्रवेशाला दोन दारे, मध्ये हवेचा पडदा. बांगड्या, टिकल्या, सुट्या पिना हॉलबाहेर ठेवायची जागा. हा नियम भगिनींना खटकतो, पण खोक्यात टिकली सापडल्याची तक्रार ग्राहक फोटोसह करतो, तेव्हा पहिल्या दिवशीच समजावून सांगितलेले बरे.

लाकडी पॅलेट वापरत असाल तर त्यावर आयएसपीएम-१५ चा (लाकडी पॅकिंगमधून कीड जाऊ नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का हवा. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान ३० मिनिटे दिल्याची ती खूण असते. गावच्या सुताराकडून घेतलेला स्वस्त पॅलेट बंदरावर अख्खा कंटेनर अडवू शकतो.

पॅकहाऊस नोंदले म्हणजे बागा नोंदल्या असे मात्र नाही. प्रत्येक प्लॉटची ग्रेपनेट नोंदणी कृषी विभागाकडे वेगळी करायची. सातबारा, आठ-अ, प्लॉटचा नकाशा आणि फवारणीची वही घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात या. फवारलेल्या औषधांच्या उर्वरित अंशाच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः प्लॉटवर येऊन नमुना घेतो, पिशवीत भरून पाठवलेला नमुना चालत नाही. पॅकहाऊसमध्ये आलेल्या प्रत्येक क्रेटवर त्या प्लॉटचा क्रमांक असलाच पाहिजे. दोन सख्ख्या भावांच्या बागा शेजारी असल्या, एकच ट्रॅक्टर दोन्हींचा माल आणत असला, तरी क्रेट मिसळू देऊ नका. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली तो फटका अजून अनेकांच्या लक्षात आहे. मिसळलेल्या मालात एक प्लॉट नापास निघाला तर कुठला खोका काढायचा हेच कळत नाही, सगळेच काढावे लागतात.

आणि एक मत, विचारले नसले तरी. ४० फुटी रिफर (शीत) कंटेनरमध्ये साधारण १३ ते १५ टन द्राक्षे बसतात. हंगामात तुमचे आठ-दहा कंटेनरच होणार असतील तर पहिली दोन वर्षे दुसऱ्याचे मान्यताप्राप्त पॅकहाऊस भाड्याने घ्या, किंवा पणन मंडळाच्या निर्यात सुविधा केंद्रांची चौकशी करा. फेब्रुवारी ते एप्रिल चालणारे यंत्र उरलेले नऊ महिने कर्जाचा हप्ता मागत राहते.

प्रश्न (सांगोला): आमच्या भागातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसला मान्यता आहे. तिथेच डाळिंब भरले तर चालेल का?

मान्यता कोणत्या मालासाठी आहे ते प्रमाणपत्रावर पाहा. डाळिंब नसेल तर मालकाला ते वाढवून घ्यायला सांगा. पण कागदापेक्षा खोलीची अडचण मोठी आहे. द्राक्षाची खोली ० अंशावर असते. डाळिंब ५ अंशांखाली फार दिवस राहिले तर सालीवर तपकिरी डाग पडतात, खड्डे पडतात, आतले पांढरे पडदेही काळवंडतात, आणि हे फळ बाहेर काढून दोन-तीन दिवस झाल्यावर दिसते, म्हणजे ग्राहकाच्या दुकानात. डाळिंबासाठी वेगळी खोली ५ ते ७ अंशांवर आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेवर चालवता येत असेल तरच हो म्हणा. ज्या खोलीत ग्रेपगार्डचा उग्र वास भरलेला आहे तिथे दुसरे फळ ठेवूच नये.

प्रश्न (जुन्नर): भेंडी आणि हिरवी मिरची युरोपला पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने "पॅकहाऊस एनपीपीओ मान्य हवे" असे सांगितले. अपेडाची मान्यता पुरत नाही का?

युरोपच्या भाजीपाल्यासाठी पुरत नाही. अपेडा पॅकहाऊसची सोय पाहते. मालात कीड जाणार नाही याची हमी केंद्राच्या वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाला, म्हणजेच एनपीपीओला (देशाची वनस्पती संरक्षण संस्था), द्यावी लागते, म्हणून त्यांची मंजुरी वेगळी असते. यामागे इतिहास आहे. फळमाशी व इतर किडी वारंवार सापडल्याने युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतातून आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांची आयात थांबवली होती. आंब्यावरची बंदी २०१५ मध्ये उठली, भाज्यांना आणखी थांबावे लागले. तेव्हापासून पॅकहाऊसमध्येच कीड तपासणी हा कळीचा टप्पा झाला.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी महागड्या नाहीत, शिस्त लागते. खिडक्यांना मच्छरजाळी चालणार नाही, तिच्यातून पांढरी माशी सहज येते. ४० मेशची (इंचाला ४० भोकांची) जाळी बसवा. फुलकिडा तिच्यातूनही निसटतो, म्हणून वेगळे तपासणी टेबल, वर पांढरा उजेड, हाताशी दहापट भिंग आणि पांढरा कागद हवा. मिरचीचा देठ कागदावर झटकला की फुलकिडे हलताना दिसतात. भोक पडलेली एक मिरची दिसली तर ती फोडून पाहा, आत अळी असेल तर तो संपूर्ण लॉट बाजूला. कीडग्रस्त माल झाकणाच्या डब्यात टाकून त्याच दिवशी आवाराबाहेर पुरा. हॉलच्या कोपऱ्यात संध्याकाळपर्यंत साठवला तर तपासणीला अर्थ राहत नाही.

धुण्याच्या पाण्यात क्लोरीन जास्त घातले की माल जास्त सुरक्षित, हा समज सोडा. युरोपने २०२० मध्ये क्लोरेटच्या (क्लोरीनच्या द्रावणातून येणाऱ्या घटकाच्या) अंशावरही मर्यादा घातली आहे. क्लोरीन ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) करायचे तर १००० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट १ लिटर पुरते. पाणी घाण झाले की बदला, त्यात नवे हायपो ओतत राहू नका, आणि शेवटी स्वच्छ पाण्याने खळखळून काढा. उन्हात ठेवलेल्या जुन्या कॅनमध्ये क्लोरीन उडून क्लोरेट वाढते, म्हणून कॅन सावलीत ठेवा आणि लहान घ्या. भेंडी शक्यतो धुऊच नका. ओल्या भेंडीच्या शिरा काळ्या पडतात. दोन्ही माल ७ ते १० अंशांवर ठेवा.

भेंडी आणि मिरचीवर उर्वरित अंशासाठी युरोपच्या सीमेवर वाढीव तपासणी होते, तेव्हा व्यापाऱ्याकडून प्रयोगशाळेचा अहवाल मागून घ्या आणि त्यावर तुमच्याच प्लॉटचा क्रमांक आहे ना हे पाहा.

प्रश्न (तासगाव): मान्यता आहे, तरी हंगामाच्या सुरुवातीला शिपिंग बिल (कस्टमकडे द्यायचा निर्यातीचा कागद) अडकले. कारण काय असेल?

बहुधा आयात-निर्यात कोड. तो दर वर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर अद्ययावत करावा लागतो, माहितीत काहीच बदल नसला तरी. राहून गेला की कोड निष्क्रिय होतो आणि ते जानेवारीत, पहिला कंटेनर लागल्यावर कळते. कोड पुन्हा सुरू करून घ्या. तोवर पॅकहाऊस मान्यतेची मुदत आणि एफएसएसएआय परवान्याची तारीखही काढून बघा. तिन्ही तारखा प्री-कूलिंगच्या दारावर रंगाने लिहून ठेवणारी पॅकहाऊसे आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही.