मॅजिक खेळणाऱ्याने पोकरसाठी इंग्लंडला यावे का?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय 23 आहे, पुण्यात आठ वर्षे तुम्ही ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ खेळत आहात, सप्टेंबर 2026 साठी इंग्लंडमध्ये संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे, आणि पदवी हातात पडताच व्यावसायिक पोकर खेळाडू होण्याचा तुमचा मनसुबा आहे. मॅजिकमधून पोकरकडे गेलेल्या इतक्या जणांना जे जमले ते आपल्याला का जमणार नाही, हा तुमचा प्रश्न आहे. मी 2009 मध्ये याच वेडापायी पुण्याहून नॉटिंगहॅमला आलो आणि पदवीनंतर चौदा महिने केवळ पोकरवर जगलो. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते.

ती माणसे सोबत काय घेऊन गेली, हे आधी नीट पाहावे. रिचर्ड गार्फिल्ड यांचा हा खेळ 1993 मध्ये आला आणि 1996 मध्ये त्याची व्यावसायिक स्पर्धामालिका सुरू झाली. साठ पत्त्यांच्या डेकमध्ये चोवीस लँड (बाकीचे पत्ते खेळता येण्यासाठी लागणारे पत्ते) ठेवले तरी पहिल्या सात पत्त्यांत एक किंवा शून्यच लँड येण्याची वेळ साधारण सातांतून एकदा येते. म्हणजे निर्दोष खेळूनही हरावे लागते, हे मॅजिकवाल्याला विशीच्या आत अंगवळणी पडलेले असते. निकाल आणि निर्णय यांचा हिशेब वेगवेगळा मांडायचा ही त्याची सवय असते, आणि पोकरमध्ये एक्क्यांची जोडी बादशहांच्या जोडीकडून साधारण पाचांतून एकदा हरते तेव्हा हीच सवय त्याला सावरते. प्रतिस्पर्ध्याने दोन खेळ्या आधी काय केले नाही, यावरून त्याच्या हातात काय नसावे याचा अंदाज बांधणेही तो तिथेच शिकतो.

परंतु माझ्या मते याहूनही मोठी गोष्ट होती ती संगतीची. मॅजिकचे खेळाडू गटाने सराव करीत, गाडीभाडे आणि हॉटेलची खोली वाटून घेत, हरलेला डाव रात्री पुन्हा मांडून एकमेकांच्या चुका स्पष्ट शब्दांत सांगत. पोकरकडे वळताना हे गट जसेच्या तसे वळले. जॉन फिंकेल 2000 मध्ये मॅजिकचे जगज्जेते झाले. त्यांनी ब्लॅकजॅक या कॅसिनोतील जुगारात पत्ते मोजून पैसा मिळवला आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये गुंतवणुकीच्या व्यवसायात स्थिरावले. त्यांच्या भोवतीच्या वर्तुळातील कित्येक जण अशाच मार्गांनी गेले. एकटा मनुष्य केवळ हुशारीवर तिकडे गेला आणि जिंकला, असे चित्र तुमच्या मनात असेल तर ते पुसून टाकावे.

दुसरी गोष्ट काळाची आहे. 2003 मध्ये ख्रिस मनीमेकर हे हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून आले आणि त्यांनी जागतिक पोकर मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकून 25 लाख डॉलर मिळवले. त्या वर्षी 839 खेळाडू होते. पुढच्याच वर्षी 2,576 झाले. मॅजिकमधून आलेले डेव्हिड विल्यम्स 2004 च्या त्या स्पर्धेत दुसरे आले आणि त्यांना 35 लाख डॉलर मिळाले, तर त्या काळात मॅजिकच्या मोठ्या स्पर्धेचे पहिले बक्षीस तीस-चाळीस हजार डॉलरच्या आसपास असे. मॅजिकमधूनच आलेले एरिक फ्रोलिक यांनी 2005 मध्ये विशी नुकतीच ओलांडलेली असताना त्या मालिकेतील एक स्पर्धा आणि तिच्या विजेत्याचे सुवर्णकंकण जिंकले. याच वाटेने आलेले जस्टिन बोनोमो त्याच वर्षी एकोणिसाव्या वर्षी फ्रान्समधील दोविल येथे युरोपियन स्पर्धेच्या अंतिम टेबलावर होते, कारण जागतिक मालिका जेथे होते त्या अमेरिकेतील नेवाडात 21 वर्षांची अट होती आणि युरोपात 18 ची. पुढे 2018 मध्ये त्यांनी दहा लाख डॉलर प्रवेशशुल्काच्या स्पर्धेत एक कोटी डॉलर जिंकले. या साऱ्यांच्या समोर सुरुवातीला बसलेली माणसे मात्र प्रामुख्याने टीव्ही पाहून आलेली होती. आज समोरचा विद्यार्थी घरी बसून सॉल्व्हरवर, म्हणजे सर्वोत्तम खेळी काढून देणाऱ्या संगणकप्रणालीवर, हजारो डाव तपासून येतो. सहा जणांच्या टेबलावर अव्वल खेळाडूंना हरवणारी संगणकप्रणाली 2019 मध्येच तयार झाली आहे. तुमचे कौशल्य खरे आहे, पण ते आता दुर्मीळ राहिलेले नाही.

आता इंग्लंडविषयी. येथील विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे. तेव्हा अभ्यासक्रम चालू असताना पोकरला उपजीविका समजू नये, आणि छंद कोठे संपतो याविषयी शंका असेल तर व्हिसाच्या वकिलाला पैसे देऊन विचारावे. पदवीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वयंरोजगार चालतो, परंतु 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना तो दोन वर्षांऐवजी अठरा महिनेच मिळणार आहे, म्हणजे तुम्हाला अठराच मिळतील. त्याला मुदतवाढ नाही. त्यानंतर राहायचे तर प्रायोजक मालक आणि पगार हवा, आणि कोणताही मालक तुम्हाला जुगार खेळण्यासाठी प्रायोजित करीत नाही. माझे चौदा महिने याच कारणाने संपले. मी तोट्यात नव्हतो. मुदत संपत आली होती.

कराची बाजू मात्र खरोखर अनुकूल आहे. 1925 च्या एका निकालापासून येथे जुगारातील जिंकणे हा व्यवसाय मानला जात नाही, त्यामुळे जिंकलेल्या रकमेवर आयकर नाही, अर्थात हरलेल्या रकमेची वजावटही नाही. अमेरिकेत मात्र परदेशी खेळाडूच्या स्पर्धेतील बक्षिसातून 30 टक्के कापले जातात, आणि दोन देशांमधील कर-करारानुसार सूट मिळणे हे तुम्ही कोणत्या देशाचे कर-रहिवासी आहात यावर अवलंबून असते. ब्रिटनच्या करारात ती सूट आहे, भारताच्या करारात नाही. पण याच करमुक्ततेची दुसरी बाजू अशी की तुमच्याकडे उत्पन्नाचा कागद राहत नाही. घर भाड्याने घेताना मला सहा महिन्यांचे भाडे आगाऊ भरावे लागले, कारण पगारपत्रक नव्हते.

आता साधा हिशेब मांडतो. कॅसिनोत तासाला पंचवीस-तीस डाव होतात. एक-दोन पौंडांच्या ब्लाइंडच्या (डावाच्या सुरुवातीच्या सक्तीच्या पैजेच्या) टेबलावर, कॅसिनोचा वाटा वजा जाता, ताशी दहा पौंड सातत्याने मिळवणारा खेळाडू मी चांगला समजतो; आणि एप्रिल 2025 पासून येथील किमान वेतनच ताशी 12.21 पौंड होते. शिवाय महिन्याला एकशे साठ तास बसूनही अशा खेळाडूचा वर्षातून एखादा महिना तोट्यात जाणे हे गणितातच आहे. मोठ्या टेबलावर जावे तर भांडवल लागते, आणि ते घरून मागवण्याचा विचारही करू नये. शैक्षणिक कर्जाची रक्कम तर टेबलाच्या जवळपासही येता कामा नये. माझ्या वेळच्या एका मराठी मुलाने दुसऱ्या सत्राची फी पोकरवर लावली आणि पदवीविना परत गेला. त्याच्या आईचा फोन मी घेतला होता. ते संभाषण मी आजही विसरलेलो नाही.

मग येऊच नये का? अवश्य यावे, पण एम.एस्सी.साठी. भारतात ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केल्यामुळे पोकरचा मार्ग अरुंद झाला आहे, ही तुमची तक्रार मला समजते. तरीही केवळ त्या कारणासाठी देश सोडणे मला पटत नाही. आल्यावर पहिल्या महिन्यात कॅसिनो शोधण्याऐवजी शहरातील मॅजिकचे दुकान शोधावे आणि शुक्रवारच्या ड्राफ्टला, म्हणजे तेथेच पाकिटे फोडून डेक बनवण्याच्या स्पर्धेला, जावे. माझे पोकरचे गुरू, पहिली खोली आणि पुढे नोकरीची पहिली ओळख, या तिन्ही गोष्टी मला तेथेच मिळाल्या.

निघण्यापूर्वी एक काम करावे. पुढील तीन महिने मॅजिकच्या प्रत्येक हरलेल्या डावानंतर एका वहीत दोनच ओळी लिहाव्यात: निर्णय कोणता घेतला, आणि पत्ते उघडे दिसण्यापूर्वी तो योग्य होता का. नॉटिंगहॅमला आलात की ती वही घेऊन माझ्याकडे या. आपण ती शेजारी बसून वाचू, आणि पोकरविषयी पुढचे त्यानंतर बोलू.